मागच्यांसाठी धरलेलं दार

आमचे मागले सर वर्गात आले की दार सोडायचे नाहीत. एका हातात खडू, डस्टर आणि हजेरीचा कागद, दुसऱ्या हातानं दार धरलेलं, आणि नजर बाहेर व्हरांड्यात. तीन-चार आकडे मोजावेत इतका वेळ तसेच उभे राहायचे. मग मान किंचित हलवायचे, कोणीतरी आत येऊन बसल्यासारखी, आणि दार हलकेच लोटून टेबलाकडे यायचे. व्हरांड्यात कुत्रंसुद्धा नसायचं.

मागले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. आमच्या आधीच्या कुठल्यातरी बॅचनं ते ठेवलं होतं, आणि इतकं चिकटलं होतं की कॉलेजचा शिपाईसुद्धा "मागले सर आलेत का?" असंच विचारायचा. दौंडला संध्याकाळचं एमबीए चालायचं. आम्ही सगळे दिवसभर कुठे ना कुठे राबून आलेले. मी वरवंडहून एसटीनं यायचे, उसाच्या ट्रॉल्यांमागची सगळी धूळ केसांत घेऊन. माझ्या तोंडाला कधीच कुलूप नव्हतं. पहिल्याच दिवशी बोलून गेले, "सर, मागं कोणी नाहीये."

"तुला दिसलं नाही," सर म्हणाले. अजिबात रागावले नाहीत. "जे दिसत नाही त्याच्यासाठी दार धरायचंच नाही असं ठरवलं, तर धंदा फार सोपा आहे. मग दोन वर्षं मी तुम्हाला शिकवू तरी काय?"

वर्ग हसला, मीही हसले. पण त्या दिवशी परतताना एसटीच्या पायरीवर पाय ठेवला आणि का कोण जाणे, मागं वळून पाहिलं. मागं एक म्हातारी पिशवी घेऊन उभी होती. "चढ की बये, बघती काय?" म्हणाली.

वर्गाच्या भिंतीला लागून रेल्वेची लाइन होती. मालगाडी आली की सर वाक्य अर्धवट सोडून थांबायचे आणि शेवटचा डबा जाईपर्यंत तोंड उघडायचे नाहीत. "इंजिन गेलं म्हंजे गाडी गेली असं नसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "कंपन्यांचं इथंच चुकतं. इंजिन फलाटाला लागलं की हार घालून मोकळे. मागं डबे कुठं अडकलेत ते बघायला कोणी जात नाही." एकदा असंच झालं. गाडी गेली, आवाज पार लांब विरला, आम्ही पेनं उचलली, तरी सर गप्पच. कोणीतरी म्हणालं, "सर, गेली गाडी." सरांनी बोट वर केलं. "अजून एक हाय." आम्ही कान दिले. कसलाही आवाज नव्हता. खिडकीची काच मात्र एकदा थरथरली आणि थांबली. सरांनी मान हलवून पुढचा मुद्दा फळ्यावर लिहायला घेतला.

हे वेड आलं कुठून, ते त्यांनीच एकदा सांगितलं. त्यांचं घर राहूच्या बाजूला. आता जमीन, ऊस, पक्कं घर, सगळं आहे. पण वडिलांच्या तरुणपणापर्यंत घरात मेंढरं होती. वडिलांना ते तात्या म्हणायचे. दहा वर्षांचे होईपर्यंत सर तात्यांबरोबर मेंढरांमागं कोकणापर्यंत चालले होते. मेंढरांचा मुक्काम, त्याला ते वाडा म्हणतात, तो हलवताना तात्या तीन दगडांची चूल मोडायचे नाहीत. चुलीशेजारी चार काटक्या ठेवायचे, आणि माळाच्या एका अंगाच्या गवताला मेंढरांचं तोंड लागू द्यायचे नाहीत. मागून येणाऱ्याचा वाटा.

"मी विचारलं, तात्या, मागनं कोण येतंय?" सर सांगत होते. सांगता सांगता त्यांची भाषा कधी माळावर गेली ते त्यांनाही कळलं नव्हतं. "तात्या म्हणले, आपुन कुणाच्या तरी मागनंच आलो ना? आपल्याला काटक्या घावल्या का न्हाई?"

पुढची गोष्ट त्यांनी वर्गाकडे न बघता सांगितली. एकदा तवा मागच्या मुक्कामावर राहिला म्हणून तात्यांनी त्यांना आणायला पाठवलं. टळटळीत दुपार. जाऊन बघतात तर चुलीतून धूर निघतोय, काटक्यांची राख झालेली, आणि तवा घासूनपुसून दगडावर पालथा घातलेला. माळ तळहातासारखा उघडा. नजर पोचेल तिथवर माणूस नाही, जनावर नाही, झाडाचा आडोसा नाही. तवा उचलून ते जे पळत सुटले ते तात्यांपाशीच थांबले. सगळं ऐकून तात्यांनी एवढंच विचारलं, "गवताला हात लावलाता का त्यांनी?" "न्हाई." "मग तेबी कुणासाठी तरी ठिवून गेलं," म्हणून तात्या पुढं चालायला लागले.

शेजारची मुलगी माझ्या कानात म्हणाली, "मला आता घरी सोडायला कोण येणार गं?"

तर असा हा माणूस आम्हाला धंद्याचे सिद्धांत शिकवायचा. पुस्तकातले सगळे शिकवले, पण एकेक करून मेंढरांत आणून सोडले. पहिला सिद्धांत मालकाचा. मेंढरं माझी, म्हणून गवत संपेपर्यंत चारा, पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी. दुसरा सगळ्यांचा. ज्याच्या ज्याच्या आयुष्याला धंद्याचा धक्का लागतो, त्या सगळ्यांना विचारा. "सगळे म्हंजे किती?" सर विचारायचे. मालक, कामगार, गिऱ्हाईक, गाव, अशी आम्ही यादी द्यायचो. "आणि लांडगा? दोन मेंढरं त्याची असतात हे धनगराला ठाऊक असतं. तुमच्या कंपनीला ठाऊक आहे का?" मग तो मान्यतेचा सिद्धांत. गावानं मान्य केलं तरच कंपनी टिकते, म्हणून कंपनी चांगली दिसायला धडपडते. "चांगलं दिसणं आणि चांगलं असणं, यात अंतर किती?" असं विचारून सर स्वतःच सांगायचे, "एका रिपोर्टाएवढं." हे आम्ही वहीत लिहून घ्यायचो आणि परीक्षेत ठोकायचो. पेपर त्यांचाच असायचा. प्रश्न कुठलाही असो, खाली बारीक अक्षरात एक उपप्रश्न ठरलेला: मागच्यांचं काय? पाच मार्क.

त्यांची एक गोष्ट मात्र मला कधीच आवडली नाही. वर्गात वाटायच्या झेरॉक्स ते एक प्रत जास्त आणायचे आणि शेवटच्या रिकाम्या बाकावर ठेवायचे. दुसऱ्या दिवशी ती तिथं नसायची. शिपाई रद्दीत टाकत असणार, दुसरं काय? एकदा मी त्याला विचारलंही. तो म्हणाला, "त्या बाकाला मी झाडू पण लावत न्हाई, मॅडम." मग मी विचारायचं सोडून दिलं.

एमबीए झालं आणि शिरूरच्या बाजूला एका कारखान्यात मला नोकरी लागली. पत्र्याला रंगाचा थर देतात तिथं. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, तिकडं असे डझनावारी आहेत. मला सस्टेनेबिलिटी खातं दिलं, कारण ते दुसऱ्या कोणालाच नको होतं. मशिनींवरची पोरं मला झाडंवाल्या मॅडम म्हणायची. वरवंडहून कंपनीच्या बसनं चौफुला, न्हावरा करत जायचं, दिवसभर कागद भरायचे आणि संध्याकाळी परत. वर्षाच्या शेवटी एक गुळगुळीत रिपोर्ट निघायचा. पहिल्या पानावर हिरवं रोपटं, ओंजळीतलं.

पुढं कंपनीत पाणी-पर्यावरणाचे कागद तपासायला एक समिती झाली. तिच्यावर बाहेरचा एक स्वतंत्र माणूस हवा, असं वरून आलं. आमचे प्लांट हेड, म्हणजे आमचे साहेब, म्हणाले, "कोणीतरी साधा, गावाकडचा, पण शिकलेला बघा. फार बोलणारा नको." मला मागले सर आठवले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

कंपनीच्या दाराला काच आहे, माणूस समोर आला की आपोआप सरकणारी. सर पहिल्या दिवशी आले, आत पाऊल टाकलं आणि सवयीनं तिथंच उंबऱ्यावर उभे राहिले. दार उघडंच. दारावर रामबाबू, बिहारचा, नऊ वर्षांपासून गेटवर. त्यानं मला फोन केला. "मैडम, आपके सर दरवाज़े में खड़े हैं। एसी की सारी हवा जा रही है।" मी धावत गेले. सर मान हलवून आत आले, दार सरकून बंद झालं. आम्ही जिन्यापर्यंत पोचलो असू, तेवढ्यात मागं दार पुन्हा सरकलं. पूर्ण उघडलं, थोडं थांबलं, बंद झालं. समोर कोणी नव्हतं.

सेन्सर, दुसरं काय! मेंटेनन्सवाल्यानं तो बदलला, मग पुन्हा बदलला. सर आले की मात्र दार दोनदा उघडायचंच. एरवी दिवसभर पाचशे माणसं ये-जा करायची, तेव्हा कधी नाही. तिसऱ्या वेळेपासून रामबाबू दुसऱ्या उघडण्यालाही उठून उभा राहायला लागला. "क्या है मैडम, सर के साथ कोई बड़ा आदमी होगा। नमस्ते करने में अपना क्या जाता है," म्हणाला.

आता खऱ्या गोष्टीकडं येते. इतका वेळ जे टाळत होते ते हेच.

कंपनीला दुसरं युनिट टाकायचं होतं. त्याला पाणी हवं, म्हणजे नव्या बोअर हव्यात, आणि बोअरच्या परवानगीसाठी दाखवायला हवं की आम्ही जमिनीतून उपसतो त्याहून जास्त जिरवतो. पाणी जिरवायचे खड्डे आम्ही वर्षापूर्वी घेतले होते. कारखान्याच्या खालच्या अंगाला एक वस्ती आहे, वीसेक घरं, आणि त्या सगळ्यांना मिळून एक पायऱ्यांची विहीर. त्या विहिरीचं माप माझ्याकडं होतं. खड्डे घेण्याआधी पाणी चौदाव्या पायरीवर, वर्षानंतर आठव्या पायरीवर. सहा पायऱ्या पाणी चढलं! साहेबांनी ते वाक्य रिपोर्टात ठळक छापायला सांगितलं. सरांची सही झाली की कागद पुढं जाणार होता. बोअर झाल्या की त्या वस्तीच्या बरोबर डोक्यावर येणार होत्या.

सर मीटिंगमध्ये म्हणाले, "सही करतो की. आधी मागच्यांना विचारून येतो." साहेबांना वाटलं, मागच्या ऑफिसातल्या लोकांना विचारणार असतील. ते म्हणाले, "शुअर, शुअर."

विहिरीवर आम्ही दोघंच गेलो, भर बाराला. ज्या वेळी आमच्याकडं बायका पोरांना विहिरीजवळ फिरकू देत नाहीत, ती वेळ. सर काठावर उकिडवे बसले, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि आत हाक मारली, "ओऽऽ". विहिरीनं ओ दिली. सर डोळे मिटून ऐकत होते. पाणी किती खोल आहे हे आवाजावरून सांगता येतं म्हणाले, तात्यांनी शिकवलेलं. पण ती ओ सरांच्या आवाजात नव्हती. म्हणजे मला तसं वाटलं. विहिरीत आवाज बदलतोच म्हणा.

समोरच्या घरातून हौसाकाकू आल्या. सत्तरीच्या, गुडघे गेलेले, काठी टेकत. त्या विहिरीचं पाणी त्यांनी आयुष्यभर शेंदलेलं. "गुरुजी, आठव्या पायरीला हाय नव्हं?" म्हणाल्या. "दोन दिसांत उतरंल बगा."

"का हो काकू?" सरांनी विचारलं.

"का म्हंजी? कालव्याचं रोटेशन व्हतं की. पाणी सुटलं की आमची हीर चढती, बंद झालं की बसती. माझं लगीन हून आल्यापास्नं बगतीय."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "तू वरवंडची ना?"

एवढंच. मला त्यांनी चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी वरवंडची. तलाव आणि कालव्याच्या पाण्यावर वाढलेली. पाणी सुटलं की आठवड्यात विहीर फुगते, हे आमच्याकडं शेंबडं पोर सांगतं. पहिलं माप मी कालवा कोरडा असताना घेतलं होतं आणि दुसरं रोटेशनच्या आठवड्यात. तारीख साहेबांनी दिली नव्हती, मीच निवडली होती. मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? मला ठाऊक होतं, आणि मी ठाऊक नसल्यासारखं केलं. ते खड्डे मी राबून घेतले होते आणि त्यांचं काहीतरी दिसावं असं मला वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर बढतीही दिसत होती.

परत येताना सर म्हणाले, "मी सही करणार नाही आणि तुझं नावही सांगणार नाही. माप ज्यानं घेतलं त्यानंच बोलायचं असतं. मीटिंग मे अखेरीस आहे. तोवर वेळ आहे." कंपनीच्या दारातून ते आत गेले, मागोमाग मी, आणि मागोमाग दार पुन्हा एकदा उघडलं. रामबाबू उठला आणि त्यानं नमस्कार केला. मी तरातरा जिना चढून गेले.

त्यानंतर मी सरांना फोन केला नाही. चोराच्या मनात चांदणं. त्यांचे दोन फोन आले ते उचलले नाहीत. म्हटलं, मीटिंगच्या आदल्या दिवशी बघू. एप्रिल सरत आला आणि एका सकाळी बसमध्ये असतानाच कळलं की सर गेले. न्हावऱ्याला उतरून, उलट दिशेची गाडी पकडून मी राहूला गेले. त्यांच्या मंडळींनी सांगितलं, सकाळी चहा घेऊन फाटकापाशी खुर्चीत बसले होते. फाटक उघडं होतं. "मी म्हटलं, लावून घेते, कुत्री येत्यात. तर म्हणले, थांब, येतंय अजून एक." चहाचा कप खाली ठेवायलाही त्यांना वेळ मिळाला नव्हता. मी तिथं ढसाढसा रडले. लोकांना वाटलं, काय जीव होता पोरीचा सरांवर. होताच. पण मी रडत होते ते न उचललेल्या दोन फोनांसाठी, हे कोणाला सांगू?

मीटिंगला चार दिवस उरले तेव्हा मी विहिरीवर गेले. कशाला गेले ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. हौसाकाकू ओट्यावर होत्या. सर गेल्याचं सांगायला तोंड उघडलं तर त्याच म्हणाल्या, "कळलं बाई. देवमाणूस. दर सोमवारी बाराला यायचे, हाक मारायचे, हिरीत उतरायचे, रेघ मारून जायचे. बरं झालं, तुम्ही काम सोडलं न्हाई."

"कोणतं काम?"

"सोमवारचं! मी घरात पडलेली असती, पर हाक ऐकू येती की. बाईमाणसाची हाक. म्हटलं, मॅडमनं धरलं गुरुजींचं काम."

मी म्हटलं, "काकू, मी आले नव्हते." सोमवारी बाराला मी एसीत बसून जेवणाचा डबा उघडते. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग काठी उचलली आणि आत गेल्या.

मी विहिरीत उतरले. सरांना तंबाखूची सवय होती, सहाव्या पायरीजवळच्या कोनाड्यात त्यांची चुन्याची डबी ठेवलेली होती. भिंतीच्या दगडावर बोटानं ओढलेल्या चुन्याच्या रेघा होत्या, पाणी उतरत गेलं तशा. नवव्या पायरीला एक, दहाव्याला एक, मग बाराव्याला, तेराव्याला. जाड, आडव्या, सरांच्या शेतकरी बोटाच्या. चार सोमवार, चार रेघा, आणि पाचव्या सोमवारच्या आधी सर गेले.

त्याखाली अजून तीन रेघा होत्या. चौदाव्या पायरीला, पंधराव्याला आणि सोळाव्याला. सोळाव्या पायरीखाली थोडं पाणी होतं, हिरवं आणि शांत. म्हणजे आमच्या खड्ड्यांआधी होतं त्याहूनही दोन पायऱ्या खाली. या तीन रेघा बारीक होत्या. शेवटची तर अजून ओलसर दिसत होती. मी माझं बोट तिच्यावर टेकवलं. बरोबर बसलं. कडेला कड. कुठल्याही बाईचं बोट बसलं असतं, हे मी स्वतःला अजून सांगते. वस्तीत घरोघर जाऊन विचारलं. कोणी उतरलं नव्हतं. चार घरांतल्या बायकांनी मलाच बघितल्याचं सांगितलं.

चार दिवसांनी मीटिंग झाली. सरांची खुर्ची काढून टाकली होती. मी उभी राहिले आणि सात सोमवारांचं माप वाचून दाखवलं. साहेब म्हणाले, "आणि आधीचं माप? ते आठव्या पायरीचं?"

"तेही माझंच. ते चुकलं नव्हतं साहेब. मी ते कालवा सुटलेला असताना मुद्दाम घेतलं होतं."

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे त्या सगळ्यांनाही ठाऊक असावं. साहेबांनी नवा तक्ता ओढून घेतला. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "माप कोणी घेतलं, नाव लागेल. पहिली चार सरांची, ठीक. ही शेवटची तीन?"

नाव नसलेलं माप कोणी मानत नाही. तीन रेघा सोडल्या तर पाणी तेराव्या पायरीवर थांबतं, म्हणजे खड्ड्यांआधीपेक्षा एक पायरी वर, आणि तेवढ्यावर बोअर मंजूर झाल्या असत्या. मी पेन घेतलं आणि तिन्ही ओळींपुढं माझं नाव लिहिलं. खोटं लिहिलं का खरं, ते मला आजही सांगता येत नाही.

बोअर झाल्या नाहीत. दुसरं युनिट दोन वर्षं रखडलं, आणि आता कारखान्याचंच सांडपाणी शुद्ध करून त्यावर चालवायचं घाटतंय. मला स्टेजवर प्रेझेंटेशन द्यायला कोणी बोलावत नाही, बढती तर दिल्लीइतकी दूर गेली. काढूनही टाकलं नाही, कारण कागदावर नाव माझं आहे. विहिरीला यंदा मे महिन्यात पंधराव्या पायरीवर पाणी होतं. फार नाही, पण हौसाकाकूंची कळशी भरते.

मीटिंगनंतरच्या सोमवारी मी डबा न उघडता कंपनीतून थेट विहिरीवर गेले. बारा वाजले होते. काठावर बसून हाक मारली, खालून ओ आली. उतरले, डबीतला चुना बोटावर घेतला आणि रेघ ओढली. ती आधीच्या तिन्हींसारखीच दिसत होती. त्या दिवसापासून दर सोमवारी जाते, आणि माझ्या आधी कोणी रेघ मारून गेलंय असं पुन्हा एकदाही झालेलं नाही. डबी मी घरी आणली नाही. कोनाड्यातच ठेवते.

त्या पहिल्या सोमवारी हाताला चुना तसाच घेऊन कंपनीत परतले. सर गेल्यापासून दार शहाण्यासारखं वागत होतं, माणशी एकदा उघडायचं. मी आत आले, दार माझ्यामागं बंद झालं. जिन्यापर्यंत पोचले असेन, तेवढ्यात ते पुन्हा सरकल्याचा आवाज आला. पूर्ण उघडलं आणि उघडंच राहिलं. रामबाबू खुर्चीवरून उठला. त्यानं आधी दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि दाराला नमस्कार केला.

मी मागं वळून पाहिलं नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर एका बाजूला झाले, आणि मागचे आत येईपर्यंत तिथं उभी राहिले.